ओलं सुलेशन

सुलेशन वाळलं की नाही हे बोटाच्या टोकानं बघायचं नसतं. टोकाला घाम असतो, तेल असतं, सकाळच्या सालनाच्या रश्श्याचा अंश असतो, आणि तो तिथं राहिला की नेमकं तेवढ्याच जागेवरून रबर सुटतं. बघायचं ते मधल्या बोटाच्या पाठीनं. अलगद टेकवायचं आणि उचलायचं. बोट कुणीतरी क्षणभर धरून ठेवल्यासारखं वाटलं पाहिजे, पण उचलल्यावर त्याच्यावर काहीही आलेलं नको. आलं तर ओलं आहे, थांबा. धरलंच नाही तर जास्त वाळलं, पुन्हा एक हात मारा. या दोन्हींच्या मधे जी वेळ असते ती उन्हाळ्यात पाच-सात मिनिटांची, आणि आभाळ आलेलं असलं की ती कधी येईल याचा भरवसा नाही. हे मला तेराव्या वर्षी येत होतं. पुढं मी लातूरच्या क्लासमध्ये पंचवीस-एक वर्षं फिजिक्स शिकवलं. घर्षणाचा धडा तर इतक्या वेळा शिकवला की झोपेतही फळ्यावर लिहीन. पण हाताखालून गेलेल्या पोरांना मी ही गोष्ट एकदाही सांगितली नाही. त्यांना मार्क हवे होते. मार्क मिळवायला काय काय करावं लागतं ते त्यांचं त्यांना कळेलच.

अब्बांचं काम पुलीला रबर चढवण्याचं. पट्टा ज्या लोखंडी ड्रमवरून फिरतो तो ड्रम म्हणजे पुली. लोखंड गुळगुळीत असतं. पट्ट्यावर ओझं आलं, मधे धूळ किंवा पाणी गेलं की ड्रम आपला फिरत राहतो आणि पट्टा जागच्या जागी घसरतो. म्हणून ड्रमवर जाड रबराची शीट चिकटवायची आणि तिच्यावर पत्त्यातल्या चौकटीसारख्या खाचा पाडायच्या, म्हणजे पट्टा धरून राहतो आणि पाणी खाचांतून निघून जातं. चिकटवायला जे लागतं ते सुलेशन. डब्यावर त्याचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, आमच्या तोंडी एवढंच बसलं. साखर कारखान्यातले साहेबलोक या सगळ्या कामाला लॅगिंग म्हणत, बाकी सगळे ‘रबर चढवणं’. ज्यांना रबराचा खर्च नको ते घसरणाऱ्या पट्ट्याखाली राळेची पूड टाकायला माणूस उभा करत. अब्बांना राळेचा एवढा राग होता की कुठं राळेचा डबा दिसला तर ते चहा न घेता परत येत. ते आधी टायर रिमोल्डिंगच्या दुकानात होते. मग हदगाव-भोकरच्या जिनिंगवाल्यांनी, डाळमिलवाल्यांनी त्यांना बोलवायला सुरुवात केली, आणि नांदेडला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं स्वतःचं दुकान झालं.

पुढं दुकान, मागं घर, मधे एक गोणपाटाचा पडदा. त्या पडद्यानं वास अडतो असं अम्मीला मनापासून वाटायचं. शीटची पाठ कानशीनं खरखरीत करायची असते, नाहीतर सुलेशन धरत नाही. तो घर्र घर्र आवाज सकाळपासून सुरू असायचा आणि त्याच्यावर अम्मीचा आवाज, खिचडी झाली, खट्टा झाला, पापड निवले, या आता. खट्ट्याला चिंचेचा वास यायला हवा. आमच्या खट्ट्याला सुलेशनचा यायचा. पाहुणे आले की पहिल्या घासाला थांबायचे, मग सभ्यपणानं गिळायचे. माझ्या वह्यांना तो वास होता, ओढणीला होता. शाळेत माझ्या बाकावर कुणी फार जवळ बसत नसे, आणि मी हुशार आहे म्हणून बसत नाहीत अशी मी स्वतःची समजूत करून घेतली होती. घरात आम्ही दखनी बोलायचो. शाळा मराठी, त्यामुळं मला नीट लिहिता मराठीतच येतं, आणि त्या घरातलं बोलणंही मी इथं मराठीतच मांडते आहे. अम्मी असती तर म्हणाली असती, भांडायला दखनी आणि लिहायला मराठी, वा गं शहाणे.

अब्बांची बोटं गेल्याचं आम्हाला एका जेवणाच्या वेळी कळलं. अंबाड्याची भाजी होती आणि अम्मी चुलीवर भाकरी करत होती. अब्बा कशावरून तरी हसत होते, आणि हसता हसता त्यांनी तवा सरकवायला हात पुढं केला, काठ धरला आणि धरूनच ठेवला. बोलतच राहिले. अम्मीही क्षणभर हसत होती. मग तिला वास आला. तिनं त्यांचा हात ओढून काढला तेव्हा दोन बोटांची कातडी तव्याला चिकटून राहिली होती आणि अब्बा आमच्याकडं गोंधळून बघत होते, की एवढं काय झालं. डॉक्टरांनी टाचणीनं टोचून पाहिलं, रसायनाची डबी मागवून वास घेतला आणि सांगितलं की इतकी वर्षं हे हातानं केलंत, त्यानं शिरा गेल्या. काम सोडा, नाहीतर पायही जातील. अब्बांनी मान डोलावली आणि घरी येऊन कानस हातात घेतली. दुसरं काय येत होतं त्यांना?

हे बाहेर कळता कामा नये, एवढी एकच गोष्ट अम्मीनं त्या दिवशी ठरवली. रबरवाल्याची बोटं मेली हे कळल्यावर त्याला कोण बोलावणार? आंधळ्याकडून कुणी सुईत दोरा ओवून घेत नाही. कापणं, घासणं, रूळ फिरवणं, हे सगळं अब्बा मनगटाच्या जोरावर आणि डोळ्यांनी करू शकत होते. फक्त सुलेशनची ती एक वेळ धरायला बोट लागायचं, आणि ते बोट मी झाले. आता कामाच्या जागी बापाबरोबर मुलगी का येते आणि पुलीला हात का लावते, हे लोक विचारणारच. अब्बांनी पहिल्याच ठिकाणी तोंडाला येईल ते सांगून टाकलं, की पोरीच्या हाताला बरकत आहे, तिनं हात लावलेलं रबर सुटत नाही. गंमत अशी की लोकांना ते पटलं. माझ्या हाताखालची रबरं खरंच सुटत नव्हती, कारण मी नेमकी वेळ सांगत होते. पण नाव झालं बरकतीचं. जिनिंगचे मालक नारळ फोडायचे, पुलीला हळदकुंकू लावायचे आणि मग मला हाक मारायचे, ये गं बाई, हात लाव. एरवी ज्यांच्या घरात आम्हाला वेगळ्या कपातून चहा मिळायचा त्यांच्या यंत्रांचा शकुन मी करत होते. मला त्याचा अभिमान वाटायचा हे आता लिहिताना लाज वाटते.

मग भूकंप झाला. नांदेडला आमची भांडी वाजली, फळीवरचा डबा पडला, आणि सगळी गल्ली पांघरुणं घेऊन रस्त्यावर बसली, एवढंच. पण लातूरकडची गावंच्या गावं दगडमातीखाली गेली. पुढं सगळीकडं एकच मागणी सुरू झाली, खडी. नवी घरं सिमेंटची बांधायची, म्हणजे खडी पाहिजे. खडी म्हणजे क्रशर. क्रशर म्हणजे पट्टे आणि पुल्या. ज्या माळावर शेळ्याही चरत नव्हत्या तिथं मशीनं उभी राहिली. अब्बांना इतकी कामं कधीच आली नव्हती. लोक मेले आणि आमच्या घरात नवा गॅस आला, शेगडीवर पहिला चहा झाला तेव्हा अम्मीनं तो प्यायच्या आधी डोळे मिटून त्या गावांसाठी दुवा मागितली. ती दुवा खरी होती. गॅसचा आनंदही खरा होता.

औशाच्या वाटेवर ज्यांचं क्रशर होतं त्यांना सगळे तात्या म्हणत. आधी कोरडवाहू माळाचे मालक, आता खडीचे. माणूस वाईट नव्हता, हे मला पहिल्यापासून खटकत आलंय. वाईट असता तर सगळं त्याच्या माथी मारता आलं असतं. खडीच्या पैशातून त्यांनी लातुरात तीन मजली इमारत बांधली आणि तिथं एका सरांनी क्लास सुरू केला. बोर्डात नंबर आणायचे असतील तर लातूरलाच जावं लागतं, हे तोवर नांदेडच्या रिक्षावाल्यालाही पाठ झालं होतं. एकीकडं पत्र्याच्या शेडात गावंच्या गावं राहत होती आणि दुसरीकडं शहरात खोलीत चार-चार कॉट टाकून दुसऱ्या जिल्ह्यांची पोरं डबे खात होती. दोन्हीकडं पत्रेच, फक्त इकडच्या पत्र्यांवर डॉक्टर झालेल्या पोरांचे चेहरे रंगवलेले होते. मला दहावीला शाळेत सगळ्यांत जास्त मार्क पडले. मला डॉक्टर व्हायचं होतं. अब्बांच्या बोटांसाठी वगैरे म्हणून नव्हे, तसं मी पुढं लोकांना सांगत असे. खरं कारण, माझ्या बाकावर कुणी बसत नव्हतं आणि डॉक्टरच्या दारात सगळे बसून राहतात.

सरांच्या निवडक बॅचला वेगळी परीक्षा होती. ती एकदाच व्हायची, आणि त्या बॅचमध्ये नसलं तर लातूरला जाण्यात अर्थ नाही असं सगळे म्हणायचे. मी लातूरला गेले तर बोटाचं काय, यावर अम्मी आणि अब्बा पडद्याआड चार दिवस बोलत होते. अम्मीचं म्हणणं, मुलगी जाऊ नये. घर चालतं ते तिच्यावर, आणि बारावीनंतर लग्नच व्हायचं आहे. अब्बांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी सांगितलं की आता बहुतेक कामं लातूरकडचीच आहेत, ती रविवारी घेऊ, पोरगी रविवारी येईल. एवढं सोपं करून टाकलं त्यांनी. मी पडद्याच्या अलीकडं घासलेल्या शीटवरची पूड झाडत होते. मला इतका आनंद झाला की मी अम्मीकडं दोन दिवस बघितलंसुद्धा नाही.

आणि मग परीक्षेच्या आदल्या दिवशी तात्यांचा निरोप आला, की पट्ट्याच्या तोंडाच्या पुलीचं रबर फाटलंय, क्रशर बंद आहे, उद्या सकाळी याच. अब्बा नाही म्हणणार होते. तात्यांनी कळवलं होतं की काम उरकलं की बाराला त्यांची जीप लातूरला जाणार आहे, पोरीला एकच्या परीक्षेला क्लासच्या दारात सोडतील. सरांनाही सांगून ठेवलंय. हे ऐकून मीच अब्बांना म्हणाले, जाऊ या. बस पकडून धक्के खात जाण्यापेक्षा जीप बरी. आम्ही पहाटेची एसटी धरली आणि मी वाटेत केमिस्ट्रीची सूत्रं म्हणत होते. अब्बा माझ्याकडं बघून हसत होते, आणि कंडक्टरला न विचारता सांगत होते, पोरीची परीक्षा आहे.

माळावर आभाळ भरलं होतं, पाऊस नव्हता, वाराही नव्हता. पंधरा-वीस बाया घमेली उलटी टाकून त्यांच्यावर बसल्या होत्या. मशीन बंद म्हणजे हजेरी बंद. जुनं रबर खरवडून काढायलाच दहा वाजले. पहिला हात मारला, तो वाळला. दुसरा हात मारला आणि तो वाळेना. मी बोट टेकवलं, काळं आलं. थांबलो. पुन्हा टेकवलं, पुन्हा आलं. तात्या दोनदा येऊन गेले. त्यांनी अब्बांना घाई केली नाही, मलाच म्हणाले, “पोरी, पावणेबारा झालेत. जीप थांबंल, पर परीक्षा थांबायची न्हाई.” तिसऱ्यांदा मी बोट टेकवलं. अगदी थोडं आलं, उजव्या कडेला, तळहाताएवढ्या जागेत. बाकी ठीक होतं. अजून अर्धा तास, फार तर पाऊण. ड्रायव्हरनं जीप सुरू केली होती. मी बोट ओढणीला पुसलं. अब्बांनी विचारलं, झालं का. मी म्हणाले, “झालं, अब्बा.”

त्यांनी पुलीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि शीट उचलली. मधून सुरुवात करून कडेकडं रूळ दाबत नेला, जसा नेहमी नेत. मी हातही न धुता जीपमध्ये बसले. परीक्षा चांगली गेली. चौथ्या दिवशी यादी लागली, तिच्यात माझं नाव पहिल्या दहात होतं, आणि त्याच आठवड्यात मी हॉस्टेलच्या खोलीत एक कॉट, एक खुंटी आणि अर्धी खिडकी एवढ्या संसारात राहायला गेले. त्या दिवसांत मला एकदाही ती तळहाताएवढी जागा आठवली नाही असं लिहायचा मोह होतो. आठवत होती. रोज आठवत होती, आणि मी स्वतःला सांगत होते की तेवढ्यानं काही होत नाही.

ओल्या सुलेशनवर रबर दाबलं की ओल आत अडकते. मशीन तापलं की तिथं फुगा येतो, फुगा फुटतो, आणि मग कड उलटते. दहा-बारा दिवसांनी तसंच झालं. पट्टा घसरायला लागला. अब्बांना बोलवायचं तर मशीन बंद ठेवावं लागलं असतं, म्हणून मुकादमानं राळेचा डबा काढला आणि घमेलं वाहणाऱ्या एका बाईला पुलीजवळ उभं केलं. मूठभर राळ पट्ट्याच्या आतल्या बाजूला टाकायची, एवढंच काम. ती पडलेल्या गावातली होती. घरातली तीन माणसं तिथंच गेली होती, आणि ती पत्र्याच्या शेडात राहून नव्या घरांची खडी वाहत होती. तिची मूठ पट्ट्याबरोबर आत गेली. उजव्या हाताची चार बोटं गेली, अंगठा राहिला.

रविवारी तात्यांची जीप हॉस्टेलवर मला न्यायला आली. अब्बांना नांदेडहून आधीच बोलावून घेतलं होतं. पुली उघडून ठेवली होती, उलटलेल्या कडेखाली सुलेशन अजून चिकचिकत होतं, आणि भोवती मुकादम, ड्रायव्हर, घमेल्यावाल्या बाया. तात्या ओरडले नाहीत. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, “खरं सांग, तू हात लावला तवा हे वाळलं व्हतं का?”

मी तोंड उघडलं होतं. काय बोलणार होते ते मला आजही ठाऊक नाही, आणि या बाबतीत मी स्वतःवर विश्वास ठेवत नाही. अब्बा मधे आले. म्हणाले, “तात्या, तिला इचारू नका. तिनं शकुनाचा हात लावला फक्त. बघायचं काम माझं व्हतं.”

“मग तुमाला कळलं न्हाई?”

“न्हाई कळलं. माझी बोटं मेलीत. चार वर्सं झाली.”

कुणाला ते समजलं नाही. तेव्हा अब्बांनी मुकादमाच्या तोंडातली बिडी काढून घेतली आणि तिचं जळतं टोक स्वतःच्या मधल्या बोटावर टेकवून धरलं. धरून सगळ्यांकडं शांतपणे बघत राहिले. एका बाईनं तोंड फिरवलं. तात्या म्हणाले, बस करा उस्ताद, आणि बिडी हातानं उडवली. मी चार पावलांवर उभी होते. तोंड उघडंच होतं, आणि ते मी मिटलं.

दोन आठवड्यांत धर्माबादपासून औशापर्यंत सगळ्यांना कळलं की रबरवाल्याच्या हाताला काही कळत नाही आणि तो चार वर्षं लोकांना फसवत होता. माझी बरकतही त्याच दिवशी संपली. एका डाळमिलवाल्यानं तर पोरगी पांढऱ्या पायाची निघाली असं अम्मीच्या तोंडावर सांगितलं. तात्यांनी मोठं मन दाखवलं. “लेकराचं शिक्षान कामून थांबवायचं,” असं ते सगळ्यांसमोर म्हणाले, आणि मी त्या बॅचमध्ये राहिले. अब्बा धर्माबादला मामूंच्या मिरचीच्या गोदामात लागले. मिरच्या निवडणाऱ्यांची बोटं जळतात, रात्रभर ताकात बुडवून बसावं लागतं. अब्बांना तो त्रास नव्हता. मामू म्हणायचे, असा माणूस दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही, आणि अब्बा त्यावर हसायचे. घरातून सुलेशनचा वास गेला. सुट्टीला घरी आले की खट्ट्याला आता चिंचेचा वास यायचा, आणि मला तो गिळवत नसे. त्या दोन वर्षांत कुणी कुणी मला सांगायचं की तुझे अब्बा गुरुवारी लातूरच्या स्टँडवर दिसले. ते मला भेटायला मात्र येत नसत. मला वाटायचं, हात दाखवायला दवाखान्यात येत असतील, आणि मला लाज वाटू नये म्हणून टाळत असतील. मी विचारलं नाही. विचारलं तर उत्तर मिळतं.

बारावीला माझा मेडिकलला नंबर लागला नाही. थोडक्यात हुकला, सगळ्यांचाच हुकतो तसा. मी बीएस्सी केलं, एमएस्सी केलं, आणि ज्या क्लासमध्ये शिकले तिथंच शिकवायला लागले. तिथली पोरं दर वर्षी येतात आणि दर वर्षी त्यांतली बहुतेक माझ्यासारखी परत जातात. ती जाताना दिसत नाहीत, कारण फोटो फक्त लागलेल्यांचे लावतात.

तीन वर्षांपूर्वी अब्बांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन लातूरला केलं. अम्मी तेव्हा नव्हती. ते माझ्या फ्लॅटमध्ये महिनाभर राहिले. दुपारी त्यांच्या डोळ्यांत थेंब घालायचे आणि ते दहा मिनिटं डोळे मिटून पडून राहायचे. एका दुपारी मी थेंब घातले आणि त्यांचे डोळे मिटलेले असताना बोलून टाकलं, की मी त्या दिवशी खोटं बोलले होते, कडेला ओलं होतं, मला माहीत होतं.

“मलाही माहीत व्हतं,” अब्बा म्हणाले.

मी विचारलं, कसं. ते म्हणाले, बोटं गेली होती, नाक नव्हतं गेलं. नेमकी वेळ धरायला बोट लागतं. ओलं आहे एवढं तर नाकाला पुलीपासून चार हातांवरही कळतं. मग शीट का लावली, मी विचारलं, आणि माझा आवाज चढला होता. ते म्हणाले, जीप सुरू झाली होती ना.

मला त्यांचा राग आला, इतका की मी उठून खिडकीपाशी गेले. इतकी वर्षं मी समजत होते की खोटं माझं आणि त्याग त्यांचा. माझ्या खोट्यावर मी पोसले होते, आणि त्यांच्या त्यागावर रडूनही घेतलं होतं. आणि अब्बा इतक्या सहज सांगत होते की आम्ही दोघांनी मिळून ते केलं, एकमेकांकडं न बघता. त्या बाईकडं तर दोघांनीही पाहिलं नव्हतं. मी पाठमोरीच विचारलं, तिचं पुढं काय झालं.

“शेवंता,” अब्बा म्हणाले. मला तिचं नाव माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. ते गुरुवारी तिच्याकडं जायचे, आधी सिव्हिलला, मग शेडात. आठवड्याचं दळण आणून द्यायचे, त्या दिवसाचं पीठ मळून द्यायचे, कारण तिला डाव्या हातानं जमत नव्हतं आणि घरात दुसरं कुणी नव्हतं. पहिल्याच गुरुवारी त्यांनी तिला सगळं सांगितलं होतं, सुलेशन ओलं होतं हे, आणि मला परीक्षेला जायचं होतं हेही.

मी विचारलं, मग ती काय म्हणाली.

“नंबर लागला का पोरीचा, एवढं इचारलं. मी सांगितलं, बॅचला लागला, आता डॉक्टरीचा लागंल. मग दर खेपेला तेच इचारायची.” त्यांनी डोळ्याच्या कडेला आलेला थेंब मनगटानं पुसला. “तुझा बारावीचा निकाल आला, अन् त्या गुरुवारपासून मी तिकडं गेलो न्हाई.”